अळीला सवय लागत नाही

शनिवार पेठेतला आमचा वाडा पडून आता वीस वर्षं होतील. त्या जागी चार मजली इमारत आहे आणि तिच्या तिसऱ्या मजल्यावर बसून मी ही प्रस्तावना लिहितो आहे. कपाशीच्या किडीवरच्या पुस्तकाची प्रस्तावना ढेकणांपासून सुरू झालेली लेखकांना कदाचित रुचणार नाही. पण मला हा विषय पहिल्यांदा भेटला तो त्या वाड्यात, ढेकणांच्याच रूपानं.

मे महिन्यातल्या रविवारी वाड्यातल्या सगळ्या खाटा चौकात निघत. आजी एकेका सांध्यावर उकळत्या पाण्याचा तांब्या ओते, मग रॉकेलचा बोळा फिरवी, मग दिवसभर ऊन. पुढे घरात डीडीटीची पावडर आली. पहिल्या उन्हाळ्यात ढेकूण अगदी औषधालासुद्धा सापडेना. त्या वर्षी बंब पेटला तो फक्त आंघोळीसाठी. दुसरं वर्षही बरं गेलं. तिसऱ्या वर्षी एका रात्री दिवा लावून गादीची कड उलटली, तर पावडरीच्या पांढऱ्या रेघेवरूनच एक ढेकूण सावकाश चालला होता. आजीनं तो पाहिला आणि निकाल दिला, "मेल्यांना सवय झाली." पुढच्या रविवारी पुन्हा उकळतं पाणी.

आजीचा उपाय बरोबर होता, निदान चुकलं होतं. पुढे मी कीटकशास्त्र शिकलो, बरीच वर्षं शिकवलं, विदर्भ-मराठवाड्यात शेतं पालथी घातली, आणि जिथे गेलो तिथे आजीचंच वाक्य ऐकलं. "साहेब, अळीला सवय झाली, औषधाचा रिझल्टच येत नाही." कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तेच, चर्चासत्रातल्या चहाच्या टेबलावरही तेच. या वाक्यात दोन शब्द चुकलेले आहेत आणि आपलं बरंचसं नुकसान त्या दोन शब्दांनी केलं आहे, असं माझं मत आहे.

पहिला शब्द 'सवय'. माणसाला तंबाखूची सवय लागते, म्हणजे तोच माणूस हळूहळू बदलतो. ढेकणाचं तसं होत नाही. त्या खाटेत हजार ढेकूण होते असं धरू. त्यातल्या दोघा-तिघांची घडण जन्मापासूनच अशी होती की डीडीटी त्यांना बाधत नव्हतं. पावडर येण्याआधी या वेगळेपणाचा त्यांना काडीचा उपयोग नव्हता. पावडर आली, बाकीचे मेले, आणि सगळी खाट या दोघा-तिघांच्या वंशाला आंदण मिळाली. एकही ढेकूण बदलला नाही, बदलला तो खाटेचा सातबारा. शेतात फवारणी करतो तेव्हा हेच चालतं. कुठली अळी उरावी हे आपण पंपानं ठरवतो, आणि दर फवारणीला तीच निवड पुन्हा करतो.

शब्दाचा एवढा कीस कशाला, असं कुणी म्हणेल. कारण शब्द चुकला की उपाय चुकतो. सवय झाली म्हणणारा माणूस डोस वाढवतो, कारण सवयीवर तोच इलाज सुचतो. पंधरा लिटरच्या पंपात तीस मिलीऐवजी पन्नास मिली जातं. तेवढ्यानं भागलं नाही की दोन औषधं एकत्र, वर एखादं टॉनिक. निवड होते आहे हे ज्याला उमगलं तो उलटा प्रश्न विचारतो: यातल्या कुठल्या अळ्या मी जगू द्यायला हव्यात? शेतकऱ्याला हा प्रश्न पहिल्यांदा ऐकताना वेडेपणाचा वाटतो. मलाही वाटला होता.

दुसरा शब्द 'औषध'. त्याच्याकडे नंतर येतो.

कीटक विषाला पुरून उरतात हे अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात मेलँडर नावाच्या कीटकशास्त्रज्ञानं १९१४ सालीच छापून ठेवलं होतं. सफरचंदाच्या बागांतली सॅन होजे नावाची खवले कीड चुना-गंधकाच्या द्रवाला दाद देत नव्हती. त्याचं फारसं कुणी मनावर घेतलं नाही. १९३९ मध्ये पॉल म्युलर यांना डीडीटीचा गुण सापडला, १९४८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि त्याच्या एक वर्ष आधी, १९४७ मध्ये, हवाईतल्या पर्ल हार्बरच्या आरमारी तळावर डीडीटीनं न मरणारे ढेकूण सापडलेही होते. म्हणजे शोधाचा हारतुरा व्हायच्या आधीच शोधाला तडा गेला होता. आमच्या आजीला हे कळलं असतं तर तिनं अमेरिकन आरमाराला बंब पाठवला असता.

आपल्या देशात शेतातल्या किडीची अशी पहिली नोंद १९६३ ची, आणि तीही शिंगाड्यावरच्या भुंगेऱ्याची. डीडीटी आणि बीएचसी दोन्ही त्यानं पचवली होती. पुढची यादी लांबत गेली. आज जगभरात सहाशेहून जास्त जातींचे कीटक आणि कोळी कुठल्या ना कुठल्या विषाला जुमानत नाहीत. आपल्याकडच्या लोकांच्या लक्षात राहिलं ते १९८७ साल. आंध्रात कापसावर हिरवी बोंडअळी, म्हणजे आपल्याकडे घाटेअळी म्हणतात ती, सिंथेटिक पायरेथ्रॉइडना हटेना. शेतकऱ्यांनी वीस-वीस फवारण्या केल्या, कर्ज झालं, आणि कापसातल्या आत्महत्यांच्या बातम्या पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर तिथून आल्या.

पायरेथ्रॉइडची एक गोष्ट इथे सांगायलाच हवी, कारण 'औषध बदलून बघा' हा सल्ला किती फसवा आहे ते तिच्यातून दिसतं. डीडीटी कीटकाच्या मज्जातंतूवरच्या सोडियमच्या दारात जाऊन बसतं आणि दार मिटू देत नाही, कीटक तडफडून मरतो. पायरेथ्रॉइड हे साफ वेगळं रसायन, वेगळ्या काळात आलेलं, पण बसतं त्याच दारात. त्या दाराची चौकट ज्या कीटकात थोडी वेगळी घडली आहे, तिथे दोघांनाही नीट बसता येत नाही. डीडीटीच्या काळात निवडून निघालेल्या अनेक किडींनी पायरेथ्रॉइड बाजारात येण्याआधीच त्याच्यावर अर्धी मात केलेली होती. तुमच्या दुकानातल्या फडताळावर तर याहून साधी फसगत आहे: तीन कंपन्या, तीन नावं, तीन रंगांच्या बाटल्या, आणि लेबलवर बारीक अक्षरात एकच रसायन. शेतकरी म्हणतो मी तीनदा औषध बदललं. अळीच्या लेखी एकदाही बदललेलं नसतं.

आता या पुस्तकाच्या नायिकेकडे येतो, म्हणजे गुलाबी बोंडअळीकडे. शेंदरी असंही म्हणतात. ही मूळची आपल्याच बाजूची. १८४२ मध्ये भडोचच्या कापसात नुकसान करताना सापडली आणि त्या नमुन्यांवरून तिचं शास्त्रीय वर्णन इंग्लंडमध्ये झालं. डिसेंबरातलं एक हिरवं बोंड हातात घ्या. बाहेरून ठाकठीक असतं, छिद्रही दिसत नाही, कारण अंड्यातून निघालेली केसाएवढी अळी आत शिरली की तिची वाट मागून बुजते. नखानं किंवा विळ्याच्या टोकानं पाकळ्या उकला. आत रुई पिवळट पडलेली, ओलसर, सरकी पोखरलेली, आणि दोन सरक्यांच्या बेचक्यात तांबूस गुलाबी पट्ट्यांची, जेमतेम अर्ध्या इंचाची अळी. वर कितीही फवारा मारा, तिच्यापर्यंत थेंब पोचत नाही. म्हणून ही कीड पंपानं कधीच आटोक्यात येणारी नव्हती, आणि म्हणूनच बीटी कापूस आला तेव्हा एवढं हायसं वाटलं. विष बनवणारं जनुक घातल्यामुळे विष झाडाच्या अंगातच असेल, तर अळी बोंडात कुठेही लपो.

मार्च २००२ मध्ये एका जनुकाच्या बीटी कापसाला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचा आला. काही वर्षांत महाराष्ट्रातल्या चाळीस लाख हेक्टरच्या आसपास असलेल्या कापसात बीटीशिवाय दुसरं काही उरलं नाही. फवारण्या घटल्या हे खरं आहे. बीटीला सरसकट शिव्या देणारे ती दहा वर्षं सोयीस्करपणे विसरतात. पण २००९ च्या हंगामात गुजरातेत अमरेली, भावनगर, जुनागढ, राजकोटकडच्या गुलाबी अळ्यांनी पहिलं जनुक पचवल्याचं दिसलं, २०१० मध्ये ते जाहीर झालं. २०१४-१५ पर्यंत दुसरंही गेलं. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेतून त्या वेळचे संचालक केशव क्रांती इशारे देत होते. महाराष्ट्रानं ते २०१७ मध्ये ऐकले, तेही गुलाबी अळीनं पोखरलेल्या पिकाच्या तोंडून.

घाटेअळीला बीटी एवढ्या लवकर पचलं नाही आणि गुलाबीला पचलं, असं का? मला हा सबंध विषयातला सगळ्यात शिकवणारा भाग वाटतो. घाटेअळी खादाड आहे. कापूस नाही तर तूर, तूर नाही तर हरभरा, टोमॅटो, काहीही. आपल्या शेतकऱ्यानं कापसात तुरीच्या ओळी टाकल्या, रब्बीत हरभरा केला, तेव्हा नकळत त्यानं या अळीसाठी विष नसलेलं रान राखून ठेवलं. तिथे वाढलेले साधे पतंग बीटीतून वाचलेल्या एखाद्या पतंगाशी जुगत आणि पुढची पिल्लं बीटीवर मरत. कारण विषाला पुरून उरण्याचा गुण बहुधा आई आणि बाप दोघांकडून आला तरच अळीला वाचवतो, एकाकडूनच आला तर नाही. गुलाबी अळीला मात्र कापसाशिवाय जवळपास काही चालत नाही. तिच्यासाठी बिनविषाचं रान मुद्दाम राखावं लागतं.

त्यासाठीच ती पुडी होती. बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटाबरोबर नॉन-बीटीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी येत असे. कडेनं पाच ओळी किंवा वीस टक्के रान या बियाण्याचं लावायचं आणि तिथल्या अळ्या जगू द्यायच्या. मी शेतकऱ्यांच्या घरांत ही पुडी कुठे कुठे पाहिली ते सांगतो: माळ्यावर, बैलांच्या गोठ्यातल्या खुंटीला, धुऱ्यावर फाटलेली, आणि एकदा देवळीत, पणतीशेजारी. पेरलेली फार कमी वेळा. त्याबद्दल शेतकऱ्याला अडाणी ठरवणाऱ्यांत मी नाही. पाच एकरवाल्यानं एक एकर अळीला सोडावा अशी अपेक्षा करायची, त्याचा फायदा सगळ्या तालुक्याला, तोटा त्याच्या एकट्याचा, आणि हे समजावून सांगायला दुकानदाराशिवाय कुणी नाही. ही योजना कागदावरच मेलेली होती.

याहून खोल घोळ बियाण्यातच होता. जगात बीटी कापूस बहुतेक ठिकाणी सरळ वाणात आहे, आपल्याकडे तो संकरितात आला. संकरित झाडाला बीटीचं जनुक आई-बापांपैकी एकाकडूनच मिळालेलं असतं. मग त्या झाडाच्या बोंडात ज्या सरक्या धरतात त्या एकसारख्या नसतात, काहींत दोन्ही विषं, काहींत एकच, सोळांतल्या एखादीत काहीच नाही. गुलाबी अळी खाते ती नेमकी सरकी. म्हणजे एकाच बोंडात तिच्यापुढे कमी-जास्त विषाचं ताट वाढलेलं, आणि अर्धवट विषावर तगणाऱ्या अळीची निवड बोंडाबोंडात चाललेली. प्रतिकाराची पैदास करायची म्हणून कुणी बसला असता तर त्याला याहून चांगली सोय सुचली नसती.

गंमत अशी की हेच विभाजन चीनमध्ये उलटं कामी आलं. यांगत्सी नदीच्या खोऱ्यात शेतकरी संकरित बियाण्याची दुसरी पिढी पेरू लागले, स्वस्त पडते म्हणून. तिथला बीटी एका जनुकाचा, म्हणून दुसऱ्या पिढीत चारातलं एक झाड बिनबीटीचं निघतं. शेतभर विखुरलेली ही झाडं म्हणजे आपोआप पेरली गेलेली पुडीच. तिथल्या ११ वर्षांच्या नोंदी सांगतात की वाढत चाललेला प्रतिकार मागे फिरला. अमेरिकेत गुलाबी अळी १९१७ मध्ये टेक्सासात पोचली आणि शंभर वर्षं छळत राहिली. तिथे बीटी कापूस, गंधाचे सापळे आणि नपुंसक केलेले पतंग सोडणं हे सगळं एकत्र लावून ऑक्टोबर २०१८ मध्ये ती देशातून संपल्याचं जाहीर झालं. त्याच सुमारास आपण पंचनामे करत होतो.

आपल्या पदरात पडलेलं आणखी एक कारण म्हणजे फरदड. डिसेंबरात पीक काढायचं, तर भाव चढलेला असतो, पाण्याची एक पाळी हाताशी असते, आणि झाडावर अजून हिरवी बोंडं दिसतात. फेब्रुवारी-मार्चपर्यंत कापूस उभा ठेवला की आणखी दोन वेचे निघतात. अळीच्या बाजूनं पाहिलं तर ही दोन-तीन जादा पिढ्यांची मेजवानी. मग पऱ्हाटी उपटून बांधावर रचायची, कारण पावसाळ्यात चुलीला सरपण लागतं. त्या ढिगातल्या कवडी झालेल्या बोंडांत अळी झोपून राहते आणि जूनमध्ये नव्या पात्यांवर हजर. सरपणाला दुसरी सोय नसलेल्या बाईला पऱ्हाटी जाळून टाका असं सांगणारं पत्रक मी स्वतः लिहिलेलं आहे. आज ते वाचताना ओशाळल्यासारखं होतं.

आता 'औषध'. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारताना विषबाधा होऊन वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले. डोक्याच्या वर गेलेलं पीक, तोंडाला बांधलेला गमछा, पाठीवरचा गळका पंप, दोन-तीन रसायनं एकत्र कालवलेली, काठीनं किंवा हातानं ढवळलेली. बाटलीवर लाल त्रिकोण असतो, म्हणजे अतिजहाल विष. पण घरात सगळे त्याला औषधच म्हणतात, आणि औषधाची भीती कुणाला वाटते? खोकल्याचं औषध, तसं कपाशीचं औषध. मराठीत 'कीटकनाशक' हा शब्द आहे, तो फक्त लेबलवर आणि परीक्षेत वापरला जातो. या पुस्तकात लेखकांनी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत 'विष' लिहिलं आहे. संपादनाच्या वेळी काहींनी हरकत घेतली, वाचक बिचकतील म्हणाले. बिचकावेतच.

पुण्यातल्या वाचकाला हे सगळं वऱ्हाडाचं दुखणं वाटू नये म्हणून एक घरची गोष्ट. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत विद्या गुप्ता, अशोक गिरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घाटेअळीच्या पोटाचा बरीच वर्षं अभ्यास केला. झाडंही स्वतःचं रक्षण करतात: बियांमध्ये असे पदार्थ बनवतात की ते खाल्ल्यावर अळीला प्रथिनं पचवता येत नाहीत. मात्र हरभरा खाणारी घाटेअळी हरभऱ्याचा हा डाव ओळखून असते. त्यानं न अडणारी दुसरी पाचक द्रव्यं ती काढते. तिला जड गेलं ते तिच्या नेहमीच्या ताटात नसलेल्या झाडांचं, उदाहरणार्थ कारल्याच्या बियांतलं. हे मी वाचलं तेव्हा आपल्या चाळीस वर्षांच्या फवारणीकडे बघण्याची माझी नजर बदलली. झाड आणि अळी यांचं हे भांडण लाखो वर्षांचं आहे. विष पचवण्याचं सामान अळीच्या पोटात आधीपासून होतं, आपण फक्त त्याला रोजचं काम दिलं.

पुस्तकाबद्दल दोन शब्द. कामगंध सापळे, पेरणीची वेळ, डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली फुलं) वेचणं, वेगवेगळ्या गटांतली रसायनं आलटून पालटून कशी वापरायची, हे सगळं पुढच्या प्रकरणांत आहे आणि चांगलं आहे, विशेषतः लेबलवरचा गटाचा आकडा वाचायला शिकवणारं. माझं लेखकांशी एका ठिकाणी जमत नाही. शेवटच्या प्रकरणात ते शेतकऱ्याच्या शिस्तीवर फार भर देतात. शिस्त हवी, पण संकरित वाणात जनुक घालायचं हे शेतकऱ्यानं ठरवलं नव्हतं, पुडी वेगळी द्यायची हेही नाही, आणि एकाच रसायनाला वीस नावांनी विकायची परवानगी त्यानं दिलेली नाही. पुढच्या आवृत्तीत हे प्रकरण पुन्हा लिहावं, असं मी त्यांना सांगितलं आहे. त्यांनी 'बघू' म्हटलं आहे.

पुस्तकाच्या शेवटी बारा कोरी पानं मुद्दाम सोडली आहेत. त्यांवर रकाने आहेत: तारीख, सापळ्यातले पतंग, वीस हिरव्या बोंडांत सापडलेल्या अळ्या, रसायनाचं नाव, गटाचा आकडा, फवारणीनंतर पाचव्या दिवशी पुन्हा वीस बोंडं. सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग आले, किंवा विसांत दोन बोंडं किडकी निघाली, तरच पंप काढायचा. नाव लिहाल ते बाटलीवरच्या मोठ्या अक्षरातलं नको, खालच्या बारीक अक्षरातलं लिहा. पानं पेन्सिलनं भरा, शेतात घामाच्या हातानं पेनची शाई पसरते.

शनिवार पेठ, पुणे